जेईईची तयारी : पूर्णेची मुले गणितात नाही, कागदात अडकतात

जेईई मेन २०२६च्या पहिल्या सत्राचे अर्ज ३१ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाले. २७ नोव्हेंबर ही अखेरची तारीख होती. परीक्षा २१ ते ३० जानेवारी २०२६दरम्यान आणि दुसरे सत्र एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत ठरले होते. अर्ज सुरू होण्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरच्या अखेरीस, परीक्षा घेणाऱ्या एनटीएने एक छोटी सूचना काढली होती. आधार कार्डावरचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, पत्ता तपासून घ्या. प्रवर्गाचे प्रमाणपत्र तयार ठेवा, नाहीतर पुढे अडचण येईल. वर्तमानपत्रांत ती कोपऱ्यात छापून आली. आमच्या वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरलीच नाही. तिथे त्या आठवड्यात टॉपरचे फोटो आणि क्लासच्या जाहिराती फिरत होत्या.

परवा संध्याकाळी विहारात बारावीचा एक मुलगा मोबाईल आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत घरातले सगळे कागद. वडील ठेकेदाराकडे कामाला, आजोबा रेल्वेत गँगमन होते. मुलगा हुशार आहे, गणिताची त्याला भीती नाही. पण आधारवर आडनावाचे स्पेलिंग एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', आजोबांच्या सेवापुस्तिकेच्या झेरॉक्सवर 'महार'. जातीचे प्रमाणपत्र आहे, पण राज्याच्या नमुन्यातले. केंद्राचे काढलेलेच नाही. "दादा, यात आता काय भरायचं?" असे त्याने विचारले, तेव्हा अर्जाची मुदत संपायला दहा-बारा दिवस उरले होते.

गेली काही वर्षे आम्ही पूर्णेत आणि आसपासच्या गावांत दहावी-बारावीच्या मुलांबरोबर काम करतो आहोत. या काळात आमचे मत हळूहळू बदलत गेले. सुरुवातीला आम्हालाही वाटायचे की आपल्या मुलांना चांगला क्लास मिळाला की प्रश्न सुटेल. आता वाटते की तयारीचा जवळजवळ निम्मा भाग अभ्यासाबाहेरचा आहे. कोणती परीक्षा द्यायची, कोणता कागद कधी काढायचा, वर्षाचे कोणते महिने कशासाठी राखायचे, बसायला शांत जागा कुठे मिळणार. शहरातल्या सुशिक्षित घरात हा भाग आई-वडील करतात आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे तो सतरा वर्षांचा मुलगा एकटा करतो, किंवा कोणीच करत नाही.

पूर्णा हे रेल्वेने वाढवलेले गाव. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तिन्ही बाजूंना इथून रूळ जातात. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची पहिली महिन्याच्या पगाराची नोकरी इथे रेल्वेतलीच. मीटरगेज गेले, त्याबरोबर बरीच कामे गेली, आणि २००३मध्ये नांदेड विभाग झाल्यावर कारभाराचे केंद्र तिकडे सरकले. आज तिसरी पिढी त्याच वस्तीत राहते, पण कायम नोकरी असलेली घरे बोटावर मोजण्याइतकी. इंजिनिअरिंगच्या जागेकडे ही घरे कशी पाहतात, हे त्यावरून समजावे.

क्लास म्हणजे नांदेड, नाहीतर लातूर. ज्यांना जमते ते खोली करून राहतात. त्यासाठी कुठे शेत गहाण पडते, कुठे आईचे दागिने. ज्यांना जमत नाही ते सकाळच्या गाडीने नांदेडला जातात आणि संध्याकाळच्या गाडीने येतात. तीस-एक किलोमीटरचे अंतर तसे काही नाही, पण गाडी उशिरा आली की दिवसाचे दोन-तीन तास फलाटावर जातात. काहींचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, रँकची हमी देणाऱ्या जाहिराती करू नका. जाहिराती काही थांबलेल्या दिसत नाहीत.

आधी परीक्षा ओळखा

आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांना जेईई मेन, जेईई ॲडव्हान्स्ड आणि सीईटी यांतला फरक माहीत नसतो. तो त्यांचा दोष नाही. पण दहावीच्या सुट्टीत हा फरक कळला नाही तर दोन वर्षे भलत्याच दिशेने जातात.

जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांचे प्रत्येकी २५ प्रश्न. त्यांतले २० पर्यायांचे आणि ५ आकडा लिहिण्याचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ वजा. २०२५पासून आकड्यांच्या प्रश्नांत निवडीची सवलत राहिलेली नाही, पाचही सोडवावे लागतात. यावर एनआयटीत प्रवेश होतात आणि यातले वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात. ॲडव्हान्स्डमधून आयआयटी. मेन २०२१पासून मराठीतही देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे.

राज्याची एमएचटी-सीईटी वेगळ्या स्वभावाची परीक्षा आहे. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटे. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, तेही ९० मिनिटांत. चुकीला गुण वजा होत नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा, राज्य मंडळाच्या पुस्तकांवर. गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. २०२६च्या प्रवेशांसाठी ही परीक्षा दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला होता.

आमचे स्पष्ट मत असे आहे, आणि काही मित्रांना ते पटत नाही, की पूर्णेच्या मुलाने सीईटी हे पहिले लक्ष्य धरावे आणि त्याच अभ्यासावर जेईई मेन द्यावी. उलटे करू नये. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९८१पासूनची. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, या सगळ्यांचा दरवाजा सीईटीतून उघडतो. जेईई मेनमधून नागपूरचे व्हीएनआयटी आहे आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. आयआयटी सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. ज्याला अकरावीच्या दिवाळीपर्यंत प्रश्नांशी झुंजण्यात गोडी वाटू लागली, त्याने ॲडव्हान्स्डची तयारी जरूर करावी. पण जाहिरातीतला फोटो पाहून आयआयटी ठरवायची आणि सीईटीला हलके समजायचे, यात आपली पुष्कळ मुले दोन्हीकडून गेली.

आणखी एक गोष्ट राहून जाते. एनआयटी आणि आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ६५ टक्के लागतात, किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. बारावीकडे पाठ फिरवून फक्त क्लासच्या चाचण्या देणारा मुलगा इथे अडकतो. सीईटीच्या प्रवेशाला राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के पुरतात. २०२६मध्ये बारावीची लेखी परीक्षा १० फेब्रुवारीला सुरू होणार होती, म्हणजे जेईईचे पहिले सत्र संपल्यावर हातात दहा-बारा दिवस.

पर्सेंटाइल या शब्दाने तर गोंधळच केला आहे. २०२५मध्ये ॲडव्हान्स्डसाठी पात्रतेची रेषा खुल्या गटाला ९३.१० आणि अनुसूचित जातीला ६१.१५ होती. हा आकडा म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. ६१ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ६१ टक्के मुले तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे. ३००पैकी खूप कमी गुणांत तेवढे येते. यातून दोन्ही बाजूंनी गैरसमज होतात. कोणी घाबरून अर्जच भरत नाही. कोणी ६१ आले म्हणजे आयआयटी मिळाली असे समजून पेढे वाटतो. ती फक्त पुढच्या परीक्षेला बसण्याची परवानगी आहे.

ज्या मुलांना नुसते प्रमाणपत्र वेळेवर नाही म्हणून ६१च्या रेषेऐवजी ९३च्या रेषेवर मोजले जाईल, त्यांचे काय? आपला खरा मुद्दा इथे सुरू होतो.

कागदाचा इतिहास

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली तेव्हा ती हिंदूंपुरती होती. १९५६मध्ये शीख त्यात आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, पण बौद्धांना त्या यादीत जागा मिळायला १९९० उजाडले. मधली चौतीस वर्षे महाराष्ट्रात राज्याच्या सवलती होत्या, केंद्राच्या नव्हत्या. दाखल्यावर 'बौद्ध' असलेला मुलगा त्या काळात आयआयटीत अनुसूचित जातीची राखीव जागा मागू शकत नव्हता.

याचा परिणाम घराघरांत वेगवेगळा झाला. कुणाच्या आजोबांनी निष्ठेने सगळीकडे बौद्ध लिहिले. कुणाच्या चुलत्याने केंद्राच्या नोकरीसाठी जुनी नोंद तशीच ठेवली. कुठे मास्तरांनी स्वतःच्या मनाने 'नवबौद्ध' टाकले. दोष कुणालाच देता येत नाही. पण आज नातवाच्या पिशवीत चार कागद चार गोष्टी सांगतात.

केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रात यादीतल्या मूळ जातीचे नाव आणि १९५०च्या आदेशाचा उल्लेख लागतो. नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' यादीत नाही, म्हणून ते चालत नाही. ॲडव्हान्स्डच्या नोंदणीला आणि जागावाटपाच्या वेळी हे प्रमाणपत्र तपासले जाते. आमच्या तरुण कार्यकर्त्यांपैकी काहींना हे बोचते. आम्ही जात सोडली, मग ती पुन्हा का लिहायची? बोचणे अगदी साहजिक आहे. पण हे प्रमाणपत्र आपल्या धम्माची घोषणा नाही. आपल्या आजोबांवर काय लादले गेले होते याची ती सरकारी नोंद आहे, आणि धर्म बौद्ध ठेवूनच ती मिळते. १९९०ची दुरुस्ती त्यासाठीच झाली. या भावनेपोटी कोणी सतरा वर्षांच्या मुलाची जागा घालवू नये.

राज्याच्या प्रवेशासाठी याशिवाय जात पडताळणी लागते. केंद्रीय जागावाटपात ती लागत नाही, सीईटीच्या प्रवेशात लागते. हा फरकही पालकांना माहीत नसतो. पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० किंवा त्याआधीचा पुरावा शोधावा लागतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत सापडतात. त्या वाचणारा माणूस शोधा, भाषांतर करून घ्या, साक्षांकित करा, यात महिने जातात. रेल्वेच्या घरांना एक फायदा आहे. आजोबा-पणजोबांची सेवापुस्तिका किंवा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर काम सोपे होते. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची पडताळणी झाली असेल तर आणखी सोपे. अर्जाला कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र लागते, म्हणून अकरावीत प्रवेश घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच तो टाकावा. आमच्या ओळखीच्या एका मुलीचा अर्ज एका कार्यालयात एका सहीसाठी इतका पडून राहिला, की ती प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत रोज तिथल्या बाकावर पुस्तक घेऊन बसत होती. जागा मिळाली. पण सगळ्यांची चिकाटी सारखी नसते, आणि अशा चिकाटीची वेळ कुणावर येऊच नये.

पैसे भरण्याची तारीख हाही कागदाचाच भाग आहे. २०२४मध्ये उत्तर प्रदेशच्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या अतुल कुमार या दलित विद्यार्थ्याला आयआयटी धनबादला विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. वडील रोजंदारीवर. १७,५०० रुपये मुदतीच्या शेवटच्या क्षणापर्यंत जमले, पण भरणा पूर्ण होण्याआधी संकेतस्थळ बंद झाले. ३० सप्टेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितले. त्याआधी २०२१मध्ये प्रिन्स जयबीर सिंग या दलित विद्यार्थ्याची आयआयटी मुंबईतली जागा अशीच पैसे भरताना आलेल्या तांत्रिक अडचणीमुळे गेली होती, तीही न्यायालयानेच परत दिली. दोघांनी देशातली सर्वांत अवघड परीक्षा पार केली होती आणि दोघे भरणा करण्याच्या पडद्यावर अडकले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचणारे दोन. न पोचणारे किती असतील?

आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. राज्यात अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना अकरावीपासून लागू होते. या योजनांचे पैसे उशिरा येतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. म्हणून स्वीकृती शुल्काची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली असली पाहिजे. घरात शक्य नसेल तर समाजात. जयंतीची वर्गणी दोन दिवसांत उभी राहते. मग जुलै महिन्यासाठी, परतीच्या बोलीवर, एक छोटा निधी उभा राहायला काय हरकत आहे?

अभ्यासाबद्दल थोडे

अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही फक्त आपल्या मुलांना विशेष लागू पडते तेवढेच सांगतो.

जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला मुलगा अकरावीच्या पहिल्या महिन्यात गप्प होतो. त्याला विषय येत नसतो असे नाही. त्याला 'घर्षण' येते, 'फ्रिक्शन' येत नाही. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट. तीनशे-चारशे शब्दांची ही वही दहावीच्या सुट्टीत करून घेतली तर जूनमधला न्यूनगंड निम्मा होतो. आम्ही गेल्या उन्हाळ्यात काही मुलांकडून ती करून घेतली. एका मुलीने वहीवर नाव घातले 'माझी डिक्शनरी', आणि आता ती तिच्या धाकट्या भावाकडे आहे.

सीईटीसाठी राज्य मंडळाची पुस्तके, जेईईसाठी एनसीईआरटीची. दोन्हींचा बराच भाग एकच आहे, म्हणून प्रकरणे एकत्र लावून वाचावीत. क्लासच्या जाड मॉड्यूलच्या आधी ही पुस्तके संपली पाहिजेत. अकरावी सोडून देऊ नये. सीईटीत तिचा वाटा कमी दिसतो, पण जेईईत ती बारावीइतकीच आहे.

जेईई आणि सीईटी या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात आणि आपली मुले सराव मोबाईलवर करतात. पडद्यावर आकृती मोठी दिसणे, माउस वापरणे, घड्याळ उलटे जाताना मन स्थिर ठेवणे, या सवयी मोबाईलवर लागत नाहीत. सीईटीत १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे मिनिटही नाही. तिथे ज्ञानापेक्षा सवय जास्त कामाला येते. एनटीएच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचे 'साथी' हे मोफत व्यासपीठ आहे. एका जुन्या संगणकावर हे सगळे होते. प्रत्येक सराव चाचणीनंतर चुका तीन प्रकारांत लिहाव्यात: येतच नव्हते, येत होते पण घाईत गेले, प्रश्न नीट वाचला नाही. आमच्याकडच्या मुलांच्या वह्यांत तिसरा प्रकार सर्वांत मोठा निघतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा इंग्रजी असते.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. आयआयटी आणि एनआयटीत २०१८पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत, त्यांची यादी वेगळी लागते. पूर्णेतल्या हुशार मुलींना घरचे नांदेडला ठेवायला तयार नसतात आणि रोजच्या गाडीलाही नाही. त्यांच्यासाठी गावातच बसायची जागा हवी, नाहीतर त्या जागा दुसरे घेतील.

ज्याला यातले काहीच झेपत नाही असे दहावीनंतरच लक्षात येते, त्याने शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार करावा. पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते. कमीपणाचे त्यात काहीही नाही.

आपले कॅलेंडर

आता थोडे कटू. २०२५मध्ये जेईई मेनचे दुसरे सत्र २ एप्रिलला सुरू झाले. सीईटीचा गणित गट १९ एप्रिलला सुरू झाला. मध्ये १४ एप्रिल. २०२६मध्येही जेईई एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत ठरली होती आणि सीईटीची पहिली फेरीही एप्रिलमध्येच. म्हणजे ज्या पंधरा दिवसांत आपल्या बारावीच्या मुलाने सर्वांत शांत बसायचे, त्याच पंधरा दिवसांत वस्तीत वर्गणी, मंडप, ढोल आणि डीजेचा सराव असतो. आणि तो मुलगाच मंडळाचा सगळ्यात उत्साही कार्यकर्ता असतो.

जयंती कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री आठनंतर सरावाचा आवाज बंद, बारावीच्या मुलांना वर्गणीच्या कामातून सुट्टी, आणि मंडळाच्या अहवालात यंदा किती मुले परीक्षेला बसली याची एक ओळ, एवढे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. १० डिसेंबर २०२४ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतर बंद, धरपकड, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. ते स्वतः कायद्याचे शिक्षण घेत होते. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध घरात कुणाचे अभ्यासात मन लागले नाही, लागणे शक्यही नव्हते. जेईईचे पहिले सत्र महिन्याभरावर होते. रस्त्यावर उतरणे चूक होते असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण मोर्चाच्या पुढच्या रांगेत बारावीची मुले उभी करण्याबद्दल आपण मोठ्यांनी पुन्हा विचार केला पाहिजे. पुढच्या रांगेत आम्ही उभे राहू. आमची पदवी झालेली आहे.

विहारात काय होऊ शकते

बिहारमध्ये गया जिल्ह्यात मानपूरजवळ पटवाटोली ही विणकरांची वस्ती आहे. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, घरे लहान. तिथून गेली तीस-पस्तीस वर्षे मुले आयआयटीत जात आहेत. पहिला एक गेला, त्याने मागच्यांना शिकवले, पुढे गेलेल्यांनी मिळून मोफत वाचनालय आणि अभ्यासाची जागा उभी केली. बाहेर नोकरी करणारे आता ऑनलाइन शिकवतात. तिथे काही वेगळे पाणी नाही. आधी गेलेला मागे वळून पाहतो, एवढाच फरक.

पूर्णेचे बुद्ध विहार आणि तिथे दरवर्षी होणारी धम्म परिषद मराठवाड्याला माहीत आहे. इथून शिकून पुणे, हैदराबाद, बंगळुरूला गेलेले इंजिनिअर कमी नाहीत. ते परिषदेला येतात, दान देतात, फोटो काढतात. त्यांनी दान थोडे कमी दिले तरी चालेल, पण महिन्यातून एक रविवार दोन तास मोबाईलवर एखाद्या मुलाच्या चुकांची वही तपासावी.

आम्ही या महिन्यापासून दर रविवारी दुपारी विहारात कागदपत्रांचे टेबल सुरू केले आहे. दोन संगणक मिळाले आहेत. एक जरा हळू चालतो. अकरावीच्या मुलांनी पडताळणीच्या फाईलसाठी आजोबांचे कागद आणावेत, बारावीच्या मुलांनी अर्ज आणि प्रमाणपत्रे. उर्दू वाचू शकणारे एक निवृत्त शिक्षक महिन्यातून एकदा येतात, तेव्हा जुने उतारे त्यांच्याकडून वाचून घेतले जातात. आसपासच्या गावांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या मुलांना घेऊन यावे, आणि शक्य असेल तर असेच टेबल आपल्या गावात लावावे.

त्या पिशवीवाल्या मुलाचा अर्ज भरून झाला आहे. प्रवर्ग अनुसूचित जाती टाकला. आडनावाच्या दुरुस्तीसाठी तो वडिलांबरोबर दोनदा आधार केंद्रावर जाऊन आला. केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्राचा अर्ज सोमवारी दिला आहे, ते अजून आलेले नाही.